मूल कुणाकडे आहे?



या सदरात आम्ही बहुतेक वेळा शाळकरी मुलांबद्दल लिहितो. वर्गात दिवस जातो, त्यामुळे तेच डोळ्यांसमोर असते. या महिन्यात मात्र ज्यांना शाळेत यायला अजून बराच अवकाश आहे, अशा रांगत्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांबद्दल लिहायचे आहे. लिहिण्याचे कारण आमच्याच घरातले आहे आणि ते सांगायला आम्हाला एक वर्ष लागले.

आम्ही राहतो ते पुंडलिकनगर. इथे आठवड्याचे वार नंतर आणि पाण्याचा वार आधी लक्षात ठेवतात. जायकवाडीचे धरण आमच्या शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे, पण नळाला पाणी येते ते कित्येक दिवसांच्या खंडाने. कधी दुपारी, तर कधी रात्री दोन वाजता. शहरासाठी १६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणी योजनेचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी झाले, तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळे त्या पाण्याची वाट पाहत आहेत. तोवर ज्याच्या घरात जे भांडे आहे ते भरले जाते. निळे ड्रम, स्टीलच्या टाक्या, बकेटा, टब, हंडे, कळश्या, अगदी कुकरसुद्धा. पाहुणे येणार असतील तर शेजाऱ्यांचे दोन ड्रम मागून आणायचे, हीसुद्धा इथली रीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमची धाकटी बहीण माहेरी आली होती. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा. आम्ही सगळे त्याला छोटे मियाँ म्हणतो. नुकताच चालू लागला होता आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची तपासणी करणे हे आपले काम आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. पाणी आले पहाटे साडेतीनला. रात्रभर मुलाने जागवल्यामुळे बहीण झोपलेली होती. आम्ही आणि आमचे मोठे भाऊ मोटार लावून पाणी भरत होतो. अम्मी तहज्जुदच्या नमाजला उठल्या होत्या. छोटे मियाँही आवाजाने जागे झाले आणि सगळ्यांच्या पायांत घुटमळू लागले. सगळे ड्रम भरले, तेव्हा उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून आम्ही कपडे धुण्याचा टब अर्धा भरला आणि न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. मग आम्ही मोटार बंद करायला बाहेर गेलो, भाऊ गच्चीवरची टाकी पाहायला गेले.

आम्ही समजलो, मूल अम्मींकडे आहे. अम्मींना वाटले, भावाने कडेवर घेतले आहे. भाऊ समजले, ते आईजवळ जाऊन झोपले.

आमची सहावीतली मुलगी पाणी प्यायला उठली. तिने पाहिले की टबाच्या कडेवरून दोन छोटे पाय बाहेर आहेत आणि बाकी मूल आत आहे. तिने पाय धरून त्याला ओढून काढले आणि मग ओरडली. आम्ही धावत आलो तेव्हा ते निळसर पडले होते. क्षणभराने खोकले, पाणी ओकले आणि रडले. त्या रडण्याइतका गोड आवाज आम्ही आयुष्यात ऐकलेला नाही. तसेच उचलून त्याला दवाखान्यात नेले, तिथे दिवसभर ठेवून घेतले. अल्हम्दुलिल्लाह, आज ते मूल धडधाकट आहे.

त्या सगळ्या प्रकारात कसलाच आवाज आला नव्हता, ही गोष्ट आजही आमच्या मनातून जात नाही. बुडणारे माणूस हातपाय मारते, ओरडते, असे आपल्याला वाटते. एवढेसे मूल तसे काही करत नाही. या वयात मुलाचे डोके बाकी शरीराच्या मानाने जड असते आणि हातांत स्वतःला मागे ढकलण्याइतके बळ नसते. वाकून पाहता पाहता ते डोक्यावर आत जाते आणि बाहेर येऊ शकत नाही. त्यासाठी ड्रमभर पाणी लागत नाही. तोंड आणि नाक बुडेल इतके, म्हणजे दोन इंच पाणीही पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले असतात. आपण नदी-विहिरीची भीती घालतो. ज्या मुलाला अजून उंबरठा ओलांडता येत नाही, त्याची विहीर आपल्या न्हाणीघरात असते.

दुसऱ्या दिवशी जे झाले तेही सांगितले पाहिजे. ही बातमी बहिणीच्या सासरी पोहोचली आणि पहिला प्रश्न आला, “आई कुठे होती?” तीन मोठी माणसे जागी होती, टब आम्ही भरला होता, आणि जाब विचारला गेला तो झोपलेल्या आईला. शेजारच्या एक खाला म्हणाल्या, “नजर लागली असेल.” दुसरे कुणी म्हणाले, “तकदीर होती, वाचला.” आम्ही वर्गात मुलांना नेहमी सांगतो की चूक कुणाची हे शोधण्याआधी चूक कुठे झाली ते शोधा. स्वतःच्या घरात ते करायची वेळ आता आली होती. बहिणीला फोनवर रडताना पाहून आम्ही तिच्या सासूबाईंना फोन लावला आणि टब कुणी ठेवला ते सांगितले. सोपे नव्हते, पण त्यानंतर तिला कुणी बोलले नाही.

तकदीरीवर आमचा ईमान आहेच. पण आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, हा आशय सांगणारी तिरमिजीमधली हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. आणि रात्री भांडी झाकावीत, मशकीचे तोंड बांधावे, दिवे विझवावेत, सांज होताच मुलांना घरात घ्यावे, ही हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अम्मी रोज दुधाचे पातेले या शिकवणीने झाकतात. टब झाकण्याचे मात्र आमच्यापैकी कुणाच्या मनात आले नव्हते.

त्या आठवड्यात आम्ही एक काम केले. मुलगी आणि आम्ही, दोघांनी गुडघ्यांवर बसून सगळे घर फिरून पाहिले. वाचकांनीही हे एकदा करावे. दोन फुटांवरून घर वेगळेच दिसते. पलंगाखालची झुरळांची पावडर दिसते, टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर दिसते, भिंतीतला प्लग अगदी डोळ्यांसमोर येतो. मग एकेक गोष्ट ठीक केली. खर्च फारसा झाला नाही. जे केले ते क्रमाने सांगतो.

पहिले अर्थातच पाणी. ड्रमचे झाकण नुसते ठेवून उपयोग नाही, मूल ते सरकवते. त्यावर वीट किंवा दगड ठेवणे तर अधिकच धोक्याचे, तो मुलावरच पडतो. आम्ही सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूब आणल्या, त्यांचे पट्टे कापले आणि झाकणावरून ताणून ड्रमच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना अडकवले. मोठ्या माणसाला एका हाताने निघतात, मुलाला निघत नाहीत. ज्या ड्रमला झाकण नाही, त्याला जाड कापड आणि वरून तोच रबरी पट्टा; पण तो ड्रम मुलाच्या वाटेत ठेवायचा नाही, दाराआड ठेवायचा, कारण कापड वजन पेलत नाही. टब आणि बकेट यांत पाणी साठवणे आम्ही बंद केले. त्याऐवजी अरुंद तोंडाचे कॅन घेतले. वापरून झालेली बकेट पालथी घालायची, हा घराचा नियम झाला. न्हाणीघर आणि संडास यांच्या दारांना बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी बसवली. ज्यांच्या अंगणात जमिनीखालची टाकी आहे, त्यांनी तिच्या लोखंडी झाकणाला कुलूप लावावे. पाणी भरताना झाकण उघडे असते, तेवढा वेळ एका माणसाने तिथून हलू नये. झाकण्याचा आणखी एक फायदा म्हणजे डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आपल्याला सांगतात. जिथे पाणीच इतक्या दिवसांनी येते तिथे भांडी कोरडी ठेवणे अवघड असते. निदान घट्ट झाकणे आपल्या हातात आहे.

दुसरे, गरम पाणी आणि दस्तरखान. आंघोळीच्या बकेटीत आधी थंड पाणी घालावे, मग गरम. उलट केले तर मधल्या वेळात मूल हात घालते. साठ अंशांचे पाणी कोवळ्या कातडीला एक-दोन सेकंदांत खोलवर भाजू शकते. पाणी तापवायची रॉड लावली असेल तर न्हाणीघराची कडी बाहेरून लावलेलीच हवी. आपल्याकडे जेवण जमिनीवर, दस्तरखानवर होते. त्यात बरकत आहे, पण उकळत्या सालनचे पातेले मुलाच्या बरोबर हाताच्या उंचीवर येते आणि कापड ओढले की ते अंगावर येते. आम्ही आता पातेले ओट्यावरच ठेवतो, वाट्या भरून आणतो, आणि मूल कुणाच्या तरी मांडीवर बसल्यावरच दस्तरखान घालतो. चहाचा कप हातात आणि मूल मांडीवर, हे दोन्ही एका वेळी नाही. गॅसवरच्या तव्याचे आणि दुधाच्या पातेल्याचे दांडे भिंतीकडे वळवावेत.

भाजलेच तर टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही लावू नका. साधे थंड पाणी वीस मिनिटे त्या जागेवर सोडत राहा. नळाला पाणी नसेल तर ड्रममधले मगाने ओता. आठ दिवस पुरवायचे पाणी असे ओतताना जीव कासावीस होईल, पण ते पाणी त्यासाठीच समजा. मग ओले स्वच्छ कापड ठेवून डॉक्टरांकडे जा.

तिसरे, औषधे आणि विषारी वस्तू. संडास धुण्याचे अॅसिड आणि फिनाइल बरेचदा सुटे विकत मिळते, आणि आपण ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणतो. मुलाला बाटली ओळखता येते, आतले काय ते ओळखता येत नाही. असली बाटली घरात येऊच देऊ नये, आणि जे आहे ते वरच्या फळीवर ठेवावे. रॉकेल किंवा अॅसिड पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. वर येताना ते पुन्हा जाळते किंवा फुप्फुसात उतरते. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. आमच्या अम्मींच्या साखरेच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या उशाशी, सुपारीच्या बटव्यात असत. साखरेची एखाद-दुसरी गोळीसुद्धा एवढ्या मुलाची साखर जीवघेणी उतरवू शकते. अम्मींना हे सांगितल्यावर त्यांनीच घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मागवला आणि खुंटीवरच्या पिशवीत टांगला. सुरम्याबद्दलही सांगायला हवे. बाजारात मिळणाऱ्या अनेक सुरम्यांत शिसे असते आणि शिसे मुलाच्या मेंदूची वाढ खुंटवते. सुरमेदाणी मुलाच्या हाताला लागू देऊ नये आणि त्याच्या डोळ्यांत घालू नये.

चौथे, घशात अडकणाऱ्या वस्तू. अंगठा आणि पहिले बोट जुळवून जे कडे होते, त्यातून जी वस्तू पार होईल ती मुलाच्या घशाला धोक्याची समजावी. शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, अख्खी द्राक्षे, बटणे, नाणी, तुटलेल्या तसबीहचे मणी. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्याचा कूट द्यावा, द्राक्ष उभे चिरून द्यावे. खेळण्यांतली आणि रिमोटमधली चपटी, बटणासारखी बॅटरी सगळ्यांत वाईट. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजून काढते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी सकाळची वाट पाहू नये. आमच्या वस्तीत बऱ्याच घरांत शिलाईचे काम चालते. तिथे जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून ठेवावा. काम संपल्यावर सतरंजीवरून एकदा फिरवला की पडलेल्या सुया आणि टाचण्या वर येतात.

पाचवे, वीज. मराठवाड्यातला उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही आणि पत्र्याचा कूलर म्हणजे पाणी, लोखंड आणि वीज एकाच ठिकाणी. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसते बटण बंद करून थांबायचे नाही. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि शक्य असेल तर वायरमनकडून मीटरजवळ ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. खाली असलेल्या प्लगसमोर तख्त किंवा कपाट सरकवले तरी काम होते.

उरलेल्या लहान गोष्टी. दाराच्या वरच्या कडेवर जुना टॉवेल टाकला की दार पूर्ण लागत नाही आणि बोटे चिरडत नाहीत. जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून टेबलाच्या कोपऱ्यांना चिकटवले. जिन्याच्या पहिल्या पायरीशी फळी आडवी बांधली. गच्चीच्या दाराला वर कडी. गॅलरीच्या गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट असेल तर जाळी बांधावी. साडीची झोळी लहान बाळाला ठीक, पण मूल बसू लागले की काढून टाकावी, तिचा पीळ गळ्याभोवती पडतो. आणि दारात लावलेली मोटारसायकल, जिचा तापलेला सायलेन्सर नेमका मुलाच्या हाताशी असतो.

इतके सगळे बंद केल्यावर मूल करणार काय? बी.एड.ला असताना आम्ही ताराबाई मोडक यांच्या कामाविषयी वाचले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, दगड, बिया यांतून मुलांना शिकवले. मुलाला हात लावायला काहीतरी हवेच असते. म्हणून स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा कप्पा आम्ही छोटे मियाँच्या नावे केला. त्यात स्टीलच्या वाट्या, लाकडी चमचा, मोठी झाकणे. माहेरी आले की ते आधी तो कप्पा रिकामा करतात. बाकीच्या घरात “नको”, “हात लावू नको” असे म्हणण्याची वेळ त्यामुळे कमी येते.

पण हे सारे करूनही पहाटेचा तो गोंधळ सुटत नव्हता. घरात माणसे जितकी जास्त, तितके प्रत्येकाला वाटते की मूल दुसऱ्याकडे आहे. लग्नघरात, ईदला, पाण्याच्या दिवशी हेच होते. त्यावरचा उपाय आमच्या मुलीने काढला. शाळेत वर्गाबाहेर जाताना मुले पास घेतात, तसा एक लाल रुमाल. ज्याच्या खांद्यावर रुमाल, मूल त्याच्याकडे. त्याने पाणी भरायचे नाही, फोन पाहायचा नाही. काम निघाले तर रुमाल दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि तोंडाने म्हणायचे, “बच्चा तुम्हारे पास.” समोरच्याने म्हणायचे, “मेरे पास.” उत्तर आल्याशिवाय रुमाल सोडायचा नाही. सुरुवातीला भाऊ हसले. आता पाणी आले की तेच विचारतात, “रुमाल किधर है?”

आणि तरीही, अल्लाह न करो, मूल पाण्यात सापडलेच तर? त्याला बाहेर काढा, मोठ्याने हाक मारून माणसे गोळा करा, एकाला १०८ लावायला सांगा. मूल श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करा. उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू झाला, मूल खेळू लागले, तरी दवाखान्यात दाखवाच. श्वास कसा द्यायचा, छाती किती दाबायची हे वाचून येत नाही. ओळखीच्या डॉक्टर किंवा नर्सकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावे. आम्ही शिकलो, पण ती पहाट गेल्यावर.

बहीण या सुट्टीत पुन्हा येणार आहे. छोटे मियाँ आता धावतात आणि कड्यांपर्यंत हात पोहोचवायला खुर्ची ओढून नेतात, असे तिने फोनवर सांगितले. म्हणजे गुडघ्यांवर केलेली ती फेरी आता आम्हाला उभ्याने, खुर्चीच्या उंचीवरून पुन्हा करावी लागणार. इन्शाअल्लाह, ती येण्याआधी करू. वाचकांच्या घरी लहान मूल असेल, किंवा सुट्टीत येणार असेल, तर आज रात्री झोपण्याआधी एवढे करा: न्हाणीघरात जा, बकेट पालथी घाला आणि कडी लावा.